गटिंगेनची वाट

पुण्याच्या संस्कृताभ्यासकांस गटिंगेन हें नांव अगदींच परकें नाहीं. डेक्कन कॉलेजांत १८६६ पासून संस्कृत शिकविणारे आणि पतंजलीच्या महाभाष्याची शुद्ध आवृत्ति सिद्ध करणारे पंडित फ्रान्झ कीलहॉर्न हे १८८२ सालीं याच जर्मन विद्यापीठांत प्राध्यापक झाले, व १९०८ सालीं निधन पावेपर्यंत तेथेंच राहिले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांस १८८५ सालीं सन्माननीय डॉक्टरेट दिली तीही याच विद्यापीठानें. चिरंजीवांच्या आग्रहावरून जर्मनीस जाण्याचा योग आला, तेव्हां या वैयाकरणाच्या गांवाचें दर्शन घ्यावें एवढाच माझा हेतु होता. परंतु तेथें मन गुंतलें तें गणितांत.

हॅनोव्हरहून आगगाडीनें तासाभराच्या आंत हें लायने नदीकांठचें टुमदार गांव लागतें. जुन्या तटबंदीवरून झाडांच्या सावलींत सबंध गांवाला फेरी घालतां येते. अमुक विद्वान् अमुक सालीं येथें राहत होते, अशा पाट्या घरांच्या भिंतींवर जागोजाग दिसतात. जुन्या नगरभवनासमोरच्या कारंजावर हंस राखणाऱ्या मुलीचा पुतळा आहे. नूतन डॉक्टरनें वर चढून तिचें चुंबन घ्यावें असा तेथील प्रघात! आपण पेढ्यांवर भागवितों, तेंच बरें.

येथेंच १० जून १८५४ रोजीं, अध्यापनाचा अधिकार मिळण्यासाठीं, बर्नहार्ड रीमान या सत्तावीस वर्षांच्या तरुणानें एक व्याख्यान दिलें. त्यानें सुचविलेल्या तीन विषयांपैकीं तिसरा, म्हणजे भूमितीच्या पायाचा, वृद्ध गाउसनें मुद्दाम निवडला होता. अवकाश सपाट, त्रिमितीय व डोळ्यांना दिसणाराच असला पाहिजे असें नाहीं. त्यास कितीही मिती असूं शकतील आणि त्याची वक्रता स्थळोस्थळीं निराळी असूं शकेल, हें त्या व्याख्यानाचें सार. अशा अवकाशास गणिती मॅनिफोल्ड म्हणतात.

ही कल्पना वाटते तितकी दुर्बोध नाहीं. खिळ्याभोंवतीं पूर्ण गरगर फिरूं शकणारा एक दांडा घ्या. त्याच्या सर्व स्थिति मिळून एक वर्तुळ होतें. त्याच्या टोकाला तसाच फिरणारा दुसरा दांडा जोडा, म्हणजे दुसरें वर्तुळ आलें. दोन्ही वर्तुळें मिळून जें पृष्ठ होतें तें सपाट कागदासारखें नसून बांगडीच्या पृष्ठासारखें असतें. दांड्यांची कोणतीही स्थिति म्हणजे बांगडीवरचा एक बिंदु, आणि त्यांची सारी धडपड म्हणजे बांगडीवर ओढली गेलेली एक रेषा. गतिशास्त्रानें पुढें हीच दृष्टि स्वीकारली.

१९२९ सालीं उघडलेल्या गणितसंस्थेच्या इमारतींत वक्र पृष्ठांच्या जुन्या प्रतिकृति कपाटांत मांडलेल्या आहेत. त्या पाहतांना मला विशेष आठवण झाली ती एमी नोएथर या विदुषीची. क्लाइन व हिल्बर्ट यांनीं तिला १९१५ सालीं येथें बोलाविलें. परंतु स्त्री म्हणून तिला अध्यापनाचा अधिकार नाकारला गेला. तिचीं व्याख्यानें हिल्बर्टच्या नांवानें जाहीर होत. अधिकार मिळाला तो १९१९ सालीं. तत्पूर्वींच, १९१८ त, तिनें आपला सिद्धांत मांडला होता.

त्याचा भावार्थ असा कीं, गतिनियमांत जेथें जेथें अखंड सममिति आहे, तेथें तेथें एक राशि अक्षय राहते. नियम कालच्यासारखेच आज आहेत, म्हणून ऊर्जा टिकते. ते येथल्यासारखेच तेथेंही आहेत, म्हणून संवेग टिकतो. सूर्याच्या आकर्षणास कोणतीही दिशा विशेष प्रिय नाहीं, म्हणून ग्रहाचा कोनीय संवेग टिकतो. आणि ग्रह व सूर्य यांस जोडणारी रेषा समान काळांत समान क्षेत्र आक्रमिते, हा केप्लरचा नियम त्यांतूनच निघतो. शाळेंत आपण हे सारे नियम सुटे सुटे पाठ करतों. ते एकाच मुळाच्या शाखा आहेत हें या बाईनें दाखविलें.

व्याकरण शिकलेल्या माणसास हें चटकन् पटावें. लिंग, विभक्ति, वचन कांहींही पालटलें तरी ज्याचें रूप पालटत नाहीं तें अव्यय. पालटांतून काय अबाधित राहतें याचा शोध दोन्ही शास्त्रें घेतात.

एप्रिल १९३३ त नाझी राजवटीनें ज्यू म्हणून नोएथरला पदावरून दूर केलें. ती अमेरिकेंत ब्रिन मॉर येथें शिकवूं लागली व १९३५ च्या एप्रिलांत, त्रेपन्नाव्या वर्षीं, शस्त्रक्रियेनंतर निवर्तली. सृष्टीच्या नियमांस सर्व दिशा सारख्या; त्या राजवटीस मात्र सर्व माणसें सारखीं नव्हतीं. पिढ्यान्‌पिढ्या जमविलेली विद्या त्या गांवानें कांहीं महिन्यांतच घालविली. विद्यापीठ आजही नांदतें आहे. परंतु गणिताची राजधानी हें त्याचें स्थान गेलें तें गेलेंच. विद्या ही ऊर्जेसारखी आपोआप टिकत नाहीं, तिला राखावें लागतें, हें आपल्या मुलांस सांगण्यासाठीं तरी जर्मनीस जाणाऱ्या वाचकांनीं गटिंगेनची वाट अवश्य धरावी.