अंगठेबहाद्दर

अंगठेबहाद्दर हा शब्द आपल्याकडे कौतुकाने कधी कुणी उच्चारला नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा उठला, की शेत गेलेच म्हणून समजावे. एकलव्याचा अंगठा तर खुद्द गुरूनेच मागून घेतला. पण हल्ली या दुर्दैवी अवयवाचे ग्रह पालटले आहेत. पलंगावर पडल्या पडल्या मोबाइलवर तो नुसता टेकवला, की नदी वाचवण्याच्या अर्जावर आपली सही होते, अन्यायाचा निषेध होतो, आणि एवढे समाजकार्य उरकले तरी उशाशी ठेवलेला चहा निवत नाही!

या स्वस्त पुण्याईची थट्टा करायला मला आवडते. पण थट्टा करता करता २०१५ साल आठवते, आणि जीभ अडखळते. इंटरनेटवरची काही दालने फुकट किंवा स्वस्त आणि बाकीची महाग, असा भेद कंपन्यांना करू द्यावा का, असा प्रश्न त्या सुमारास दूरसंचार नियामक प्राधिकरणापुढे होता. त्याने लोकांची मते मागवली. एरवी असल्या सरकारी कागदाला उत्तर कोण देतो? पण काही तरुणांनी तो जाडजूड मसुदा सोप्या भाषेत उलगडून सांगितला, उत्तराचा मजकूरही हाती दिला, आणि बघता बघता दहा लाखांवर ईमेल गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्राधिकरणाने असल्या भेदाला मनाई केली. अंगठ्याने बड्या कंपन्यांना अंगठा दाखवला!

तेवढ्यात आरे आठवते, आणि हा आनंद ओसरतो. तिथल्या झाडांसाठीही सह्या आणि हरकती हजारोंनी गेल्या होत्या. पण ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. करवतींना वाचता येत नाही. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तीही कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन. तोवर दोन हजारांवर झाडे आडवी झाली होती. मात्र त्या रात्री मोबाइलवर बातमी वाचून माणसे अंथरुणातून उठली आणि आरेत जाऊन उभी राहिली. एकोणतीस जणांना अटक झाली. झाडे वाचली नाहीत. पण शहर झोपेत असताना ती गेली, असे तरी कुणाला म्हणता येणार नाही.

आमच्या गल्लीत एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. यंदा त्याच्या बुंध्यावर तोडीची नोटीस लागली. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बेचाळीस अंगठे वर झाले. वॉर्ड ऑफिसात लेखी हरकत द्यायला मात्र आम्ही चौघेच: मी, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, इस्त्रीवाला आणि नववीतली एक मुलगी.

“बाकीचे अडतीस कुठे आहेत?” मी रागाने म्हटले.

“काका,” ती मुलगी म्हणाली, “ते अडतीस नसते, तर आपण चौघे तरी एकमेकांना कसे सापडलो असतो?”

मला उत्तर सुचले नाही. इस्त्रीवाल्याचे दुकान गेली कित्येक वर्षे त्याच झाडाच्या सावलीत आहे, आणि मी त्याच्याशी कपड्यांपलीकडे कधी बोललो नव्हतो.

झाड अजून उभे आहे. दिवाळी झाली की सुनावणी आहे. गटावर तारीख टाकली आहे. आतापर्यंत पस्तीस अंगठे आले आहेत. पाय किती येतात, ते पाहायचे!