पिना कशा आहेत?

गेल्या वर्षी दिवाळीला तीन आठवडे होते. छताच्या पन्हळीतली पानं काढताना माझा नवरा शिडीवरून पडला आणि मानेचा दुसरा मणका मोडला. नशिबाने हातपाय शाबूत राहिले. डॉक्टरांनी ‘हेलो’ बसवला. डोक्याभोवती एक कडं, ते कवटीच्या हाडात चार पिनांनी घट्ट केलेलं आणि दांड्यांनी छातीवरच्या जाकिटाला जोडलेलं. बारा आठवडे मान हलवायची नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जण डबे घेऊन आलात, मानेची चौकशी केलीत. पण घरात खरी काळजी होती पिनांची. पिन आत जाते तिथे त्वचा सतत उघडी राहते. तिथून जंतू शिरले तर हाडापर्यंत पोचू शकतात.

नर्सने आम्हाला शिकवलं : आधी हात साबणाने धुवा. सलाइनमध्ये भिजवलेली कापसाची काडी पिनेभोवती फिरवा, प्रत्येक पिनेला नवी काडी. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मलम किंवा पावडर नाही. दांडीला धरून उठवायचं नाही, पिना स्वतः पिळायच्या नाहीत. जाकिटावर चिकटवलेला पाना तिथेच ठेवायचा. हृदय बंद पडलं तर जाकीट उघडायला तो लागतो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. ‘‘जखमेला हळद-तेल लावते, भरून येईल.’’ मी वैतागून काही बोलणार, तेवढ्यात लेक तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, ‘‘आजी, पिन आहे तोवर ही जखम भरणार नाही. आपण फक्त क्लीन ठेवायची. तेल बाबाच्या पायांना लाव ना.’’

सासूबाई खाली बसल्या आणि लेकाच्या तळपायांना तेल चोळू लागल्या. तेव्हा कुठे तो हळूच बोलला. उजव्या भुवईवरची पिन दोन दिवस दुखत होती; चावताना ‘टक्’ असा आवाज यायचा. आमची दिवाळी बिघडू नये म्हणून गप्प राहिला होता!

लेकीने टॉर्च धरला. पिनेभोवती लाली होती, पिवळसर पाणी येत होतं. फराळ तसाच टाकून आम्ही हॉस्पिटल गाठलं. पिन सैल झाली होती आणि संसर्गही होता. डॉक्टरांनी शेजारी नवी पिन बसवली, मग जुनी काढली आणि अँटिबायोटिक सुरू केलं. वेळेत आलात, म्हणाले.

आता हेलो निघालाय. कपाळावर बारीक व्रण राहिलेत. यंदा सासूबाई डोक्यालाही तेल लावणार आहेत.

मंडळी, ओळखीत कुणाला हेलो लागला, तर डबा जरूर न्या, पण ‘‘पिना कशा आहेत?’’ हेही विचारा. आणि पेशंट तुम्हीच असाल, तर दुखणं, लाली, सूज, पाणी, ताप किंवा ‘टक्’ असा आवाज, यातलं काहीही लपवू नका. सणवार न बघता लगेच फोन करा. दिवाळी काय, पुढच्या वर्षीही येते.