खिशातली धार

दुकानात चाकू हातात आला की बहुतेक जण आधी अंगठ्यानं धार चाचपतात. त्यातून फारसं कळत नाही. नव्या चाकूला धार असतेच आणि बोथटली तरी ती दगडावर पुन्हा लावता येते. पात्याची जाडी मात्र जन्माची. म्हणून पातं आधी पाठीकडून निरखावं. दणकट दिसणारं जाड पातं गाजरात शिरलं की पाचरीसारखं काम करतं. गाजर निम्म्यापर्यंत कापलं जातं आणि उरलेलं कट्कन तडकतं. पातळ पातं तळापर्यंत उतरतं, काप ओला आणि गुळगुळीत पडतो. घरातल्या कामाला लागतो तो असला चाकू.

फ्रान्सच्या साव्हुआ भागातल्या डोंगराळ गावात, अवजारं घडवणाऱ्या घराण्यातल्या जोझेफ ओपिनेलनं १८९० साली असाच एक खिशातला चाकू केला. लाकडी मूठ, तिच्यात चिरलेली खाच, एक पातं, एक खीळ आणि मुठीच्या तोंडाशी धातूचं कडं. १८९७ पर्यंत १ ते १२ अशी आकारांची मालिका तयार झाली. १ क्रमांकाचं पातं जेमतेम दोन सेंटिमीटरचं. तो घड्याळाच्या साखळीला अडकवायचे. तो आणि ११ क्रमांकाचा पुढं बंद झाले. आजही रोजच्या वापराला सगळ्यांत सोयीचा ८ क्रमांकाचा: साडेआठ सेंटिमीटरचं पातं, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. शर्टाच्या खिशात असला तरी खिसा ओघळत नाही. पात्यावर १९०९ पासून मुकुट आणि आशीर्वादाचा हात ही मुद्रा आहे.

जाडीनंतर बघायचं ते पातं मिटू नये म्हणून केलेली सोय. कापताना हाताचा जोर पात्याला उघडंच ठेवतो, तिथं खटका नसला तरी चालतं. पट्ट्याला भोक पाडायला टोक दाबलं, किंवा जाड पुठ्ठ्यात रुतलेलं पातं उपसायला गेलं, की जोर उलटा फिरतो आणि पातं बोटांवर मिटायला बघतं. ओपिनेलच्या घरालाही यावर उपाय सापडायला १९५५ साल उजाडलं. मार्सेल ओपिनेलनं मुठीच्या कड्यावर चिरलेली फिरती चकती बसवली. ती फिरवली की पातं जाम. स्विस सैनिकी चाकूच्या खिशात मावणाऱ्या नेहमीच्या, ९१ मिलिमीटरच्या आकारात मोठं पातं नुसत्या स्प्रिंगवर उभं असतं. डबा फोडायला, स्क्रू फिरवायला तो उत्तम. भोकं पाडायला त्याच पात्यावर विसंबू नये, त्यासाठी त्याला वेगळी आर असते.

विमानप्रवासात यातला कुठलाच चाकू हातातल्या बॅगेत ठेवू नये. तपासणीला तो काढून घेतात. सामानात दिलेल्या बॅगेत जावा.

आता पोलाद. ओपिनेल साधं कार्बन पोलाद आणि स्टेनलेस अशा दोन्ही प्रकारांत मिळतो. साध्या पोलादात सुमारे ०.९ टक्के कार्बन. दगडावर चार हात मारले की धार परत येते. पण कैरी, लिंबू कापलं की पातं काळवंडतं आणि ओलं ठेवलं तर सकाळी गंजाचे ठिपके हजर. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तर पुसून ठेवलेल्या पात्यालाही हवा सोडत नाही. तेलाचा हलका हात फिरवावा, तोही खोबरेलाचा. करडई-सूर्यफुलाचं तेल कालांतरानं चिकट होऊन खिळीत बसतं. ज्याच्या हातून हे रोज होणार नाही त्यानं निःसंकोच स्टेनलेस घ्यावा. स्वयंपाकघरात फळं चिरणाऱ्यासाठी तोच शहाणपणाचा सौदा आहे. कार्बनचा चाकू घ्यावा सुतळी, लाकूड, पेन्सिली, कलमाच्या फांद्या यांच्याशी संबंध असणाऱ्यानं.

स्टेनलेस घेतला तरी बीच वृक्षाच्या लाकडाची मूठ पावसाळ्यात फुगतेच. मग पातं खाचेत घट्ट धरलं जातं आणि नखानं ओढू गेलं तर नख तुटतं. साव्हुआच्या शेतकऱ्यांची यावर जुनी युक्ती आहे. चकती उघडी करायची, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला घ्यायची आणि मुठीची मागची टाच टेबलाच्या कडेवर ठोकायची. त्या धक्क्यासरशी टोक खाचेतून डोकं काढतं आणि पातं चिमटीत धरून उघडता येतं. मूठ दोन दिवस कोरड्या जागी राहिली की फुगारा उतरतो.