अंशतः पूर्तता

३ जून

कोळसा खदानीच्या सहामाही अहवालाची तारीख १ जून. वेळेत आला. खदानीत नवं बांधकाम चालू आहे: कोळसा साठवायचा सायलो, तिथपर्यंतचा बंद कन्व्हेयर, जोडरस्ता आणि पहिला ओबी डम्प, म्हणजे कोळशावरच्या दगड-मुरमाचा ढिगारा. अहवालात पर्यावरण मंजुरीपत्रातल्या प्रत्येक अटीपुढे शेरा आहे. रात्री बसून मोजलं, ‘अंशतः पूर्तता’ अकरा ठिकाणी. उद्या त्या अकरा जागा आधी पाहायच्या.

सायलो मला हवा आहे, हे आधीच लिहून ठेवते. कोळसा ट्रकऐवजी झाकलेल्या पट्ट्यावरून गेला तर रस्त्याकाठच्या गावांची धूळ कमी होईल. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले अतिप्रदूषित पट्टे ठरवले, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण होते. मी तेव्हा इथेच शाळेत होते. वाळलेले कपडे घडी करण्याआधी झटकायचे, ही जगभरची रीत असेल असं मला वाटायचं.

४ जून

सकाळी सहालाच साइटवर. दहानंतर लोखंडाला हात लावता येत नाही.

डम्पच्या पायथ्याभोवती खणतात ती चर, म्हणजे गारलँड ड्रेन. ढिगाऱ्यावरून उतरणारं गढूळ पाणी तिने गाळटाकीत न्यायचं. गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी नाल्यात सोडायचं. नकाशावर चर पूर्ण आहे. टेप घेऊन चालत गेलो, तर नाल्याच्या बाजूला ६५ मीटर चरच नाही. डम्परना वळायला जागा ठेवली आहे, आणि उतार नेमका तिकडेच.

“मॅडम, पंधरा दिवसांत करून देतो,” साइट इंजिनिअर म्हणाला. करेलही. पोकलेन तिथेच उभं आहे.

टाकी ४० बाय २० मीटर, खोली ३. म्हणजे २,४०० घनमीटर. तिथेच वहीत हिशेब मांडला. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० घनमीटर पाणी होतं. डम्प आणि आजूबाजूचा उतार मिळून १८ हेक्टर. तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला आणि त्यातलं ६० टक्के वाहून आलं, तर ५,४०० घनमीटर. अट तर मोठ्यात मोठ्या पावसाच्या वर आणखी ५० टक्के क्षमता मागते. टाकी निम्म्यालाही पुरत नाही. इंजिनिअरने आकडेमोड स्वतः पुन्हा केली आणि म्हणाला, “बरोबर आहे.” ड्रॉइंग त्याच्या आधीच्या माणसाचं आहे.

५ जून

आजचा दिवस मातीचा.

या कामासाठी २० हेक्टर जमीन खरवडली आहे. वरची काळी माती वेगळी काढून ठरलेल्या जागी रचून ठेवायची आणि खाणकाम पुढे सरकलं की मागच्या भरावावर तीच पसरायची, अशी अट. थर सरासरी अर्धा मीटर धरला तरी एक लाख घनमीटर माती निघते. स्टॅकयार्डातला ढीग आम्ही दोनदा मोजला. साडेसात हजाराच्या आसपास भरला.

बाकीची कुठे? कोणी म्हणालं दुसऱ्या पॅचमध्ये, कोणी म्हणालं रेकॉर्ड ठेकेदाराकडे आहे.

असं कसं होतं ते मी आधीही पाहिलं आहे. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. तिच्यावर पाया टिकत नाही, रस्ता उखडतो. म्हणून बांधकामवाले ती उकरून काढतात आणि मुरूम भरतात. टिप्परचे पैसे फेऱ्यांवर. स्टॅकयार्ड लांब, डम्प जवळ.

चर उशिरा का होईना खणता येते. टाकी वाढवता येते. पण डम्पखाली गेलेली माती दगड-मुरमाच्या एवढ्या ढिगाऱ्याखालून कोण उपसणार? बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. अहवालात मात्र चरीपुढे आणि मातीपुढे एकच शेरा. दिवसभर हेच डोक्यात घोळतंय.

७ जून

मृगाच्या तोंडावर कुंपणापलीकडच्या वावरात एक काका धूळपेरणी करत होते. पाणी द्यायला स्वतःच पुढे आले. त्यांची सहा एकर खदानीत गेली, तीन राहिली.

“पैसे भेटले ताई, त्याचं काही म्हणणं नाही. पण माह्या बापानं त्या वावरात बंड्या भरभरून शेणखत टाकलं होतं. ते माती कुठं नेली, तेवढं सांगा.”

मला सांगता आलं नाही. वही उघडून त्यांना मोजलेल्या ढिगाचा आकडा दाखवला. त्यांनी शांतपणे पाहिला आणि पुन्हा पेरणीला लागले.

१० जून

पाहणी अहवाल लिहिला. चर: पूर्तता नाही, ३० जूनपर्यंत मुदत. टाकी: क्षमता अपुरी, आणि ती वाढेपर्यंत त्या बाजूला ओबी टाकू नये. डम्पचा एकूण उतार २८ अंशांच्या आत आहे, ते काम चांगलं केलं आहे, तसंच लिहिलं.

मातीपाशी अडले. ‘गाडली’ लिहावंसं वाटत होतं, पण गाडताना मी पाहिलेली नाही. शेवटी लिहिलं: सुमारे ९२,००० घनमीटर मातीचा हिशेब लागत नाही, पूर्तता झालेली नाही. ‘अंशतः’ खोडलं. वरिष्ठांनी विचारलं, एवढं कडक कशाला? मी मोजमापाचे कागद पुढे ठेवले. त्यांनी ते वाचले आणि सही केली.

२१ जून

काल रात्री पहिला मोठा पाऊस. सकाळी पुन्हा खदानीवर. चरीचे ४० मीटर झाले आहेत, २५ राहिले. गढूळ पाणी तिथूनच नाल्यात गेलं. नमुने घेऊन बाटल्या बर्फात ठेवल्या. नाल्यात सोडायच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरमागे १०० मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही; या बाटल्यांत तळ दिसत नाही.

परतताना डम्पच्या पूर्वेच्या कडेला पावसाने पाडलेली घळ दिसली. पिवळ्या मुरमाच्या खाली काळा पट्टा. खाली उतरून हात लावला. चिकट, गार, आणि त्यात पऱ्हाटीचं एक वाळकं मूळ. टेप धरली: ७० सेंटिमीटर जाड, दोन्ही बाजूंनी आत जाणारा.

फोटो काढले, जीपीएसचे आकडे लिहून घेतले. इंजिनिअरला खाली बोलावलं आणि पंचनाम्यावर दोघांनी सह्या केल्या. मूळ पाकिटात घालून ठेवलं आहे. उद्या काकांना दाखवायला नेईन.