आप्पांची फटफट

आप्पा मळ्यातून निघाले की आजी चुलीवर चहाचं आधण ठेवायची. ओढ्याच्या वळणावरून फटफट ऐकू यायची. गाडी चिखलात आहे की रस्त्याला लागली, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. तासगाव तालुक्यातलं आमचं गाव, आणि काळ 1980 च्या आसपासचा. राजदूत, जावा, येझदी या गाड्यांवरून तेव्हा सांगली-साताऱ्याकडे दुधाच्या किटल्या, भाजीची पोती, पाहुणेरावळे असं सगळं जायचं. मळ्यापर्यंत डांबर नव्हतंच. पाणंदीतून, ओढ्यातून गाडी घालणं हे रोजचं काम होतं.

पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटायची. त्या काळी पुढचं मडगार्ड चाकाला खेटून असे. त्यात चिखल भरला की चाक जाम व्हायचं. मग आप्पा गाडी कलती करायचे आणि आम्ही पोरं काटकीनं चिखल उकरायचो. प्लगवर काजळी धरली की तो काढून घासायचा, पुसायचा, पुन्हा बसवायचा. पोरानं किकवर पाय आपटला की आप्पा म्हणायचे, "आरं, किक मारायची नसती, तुडवायची असती."

एकदा ते मला कासला घेऊन गेले. परतताना यवतेश्वरचा घाट उतरताना त्यांनी मधूनमधून उगाच रेस दिल्यासारखं वाटलं. कारण पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. त्यांच्या टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलात मिसळूनच इंजिनात जायचं. मूठ बंद ठेवून लांब उतार उतरला की पेट्रोल अगदी कमी जातं, त्याबरोबर ऑइलही, आणि पिस्टन कोरडा पडतो. आप्पांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्यांच्या हातालाच ते ठाऊक होतं.

परवा पुतण्यानं विजेवरची ऑफ-रोड गाडी आणली आणि दांडोबाच्या पायथ्याच्या पाणंदीत मला चालवायला दिली. डावा पाय गिअर शोधत राहिला, डावा हात क्लच. दोन्ही नव्हते. मूठ पिळताच गाडी अशी उसळली, की मी सीटवर मागं सरकलो. इंजिनाला जोर यायला आधी फेरे वाढावे लागतात, म्हणून चढाला हाफ क्लचवर गाडी धरायची. मोटर पहिल्या फेऱ्यापासूनच पूर्ण जोर लावते. मडगार्ड चाकापासून चांगलं वीतभर वर. इंजिनाच्या जागी बॅटरी, त्यामुळे वजन मधोमध. अंग इतकं सडपातळ, की उभं राहून दोन्ही गुडघ्यांत गाडी धरता येते. उतारावर मोटरच जनित्र होते आणि वीज बॅटरीत परत जाते. आप्पांना ही गोष्ट सगळ्यांत जास्त आवडली असती.

बंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेटनं मार्च 2025 मध्ये जाहीर केलेली शॉकवेव्ह घ्या: वजन 120 किलो, शक्ती साधारण साडेचौदा अश्वशक्ती, बॅटरी 4 किलोवॅट-तासाची. चाकावरचा टॉर्क 505 न्यूटन-मीटर सांगतात. पण तो आकडा मोटरचा जोर गिअरनं वाढल्यानंतरचा आहे, जुन्या इंजिनांच्या आकड्यांशी त्याची थेट तुलना करू नये. स्पेनमधली स्टार्क वार्ग तर 80 अश्वशक्तीपर्यंत जाते. पल्ला मात्र अजून कमी पडतो. चिखलात आणि चढावर बॅटरी भराभर उतरते. आप्पांना अडचणीला कुठल्याही वस्तीवर बाटलीभर पेट्रोल मिळायचं.

गाडी म्हणून नवीच सरस आहे, यात मला शंका नाही. काळजी वेगळीच आहे. आप्पांची गाडी सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढायचीच नाही. कुठं थांबायचं ते तीच ठरवायची. ही कुठंही चढते, आणि तेही आवाज न करता. कासच्या सड्यावर जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम बोटभर. पावसात तिथल्या ओलीवर सीतेची आसवं फुलतात. टायरची एक चाकोरी पडली की पाण्याची वाट बदलते आणि तो थर वाहून जातो. 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटाचा हा भाग आहे. पोरांनो, पाणंदीत, घाटात, मळ्याच्या वाटेवर गाडी हवी तशी पळवा. वळणावर गुरं असतील, तुमची गाडी त्यांना ऐकू येत नाही, हॉर्न द्या. सड्याजवळ आलात की गाडी रस्त्याकडेला लावा आणि पुढं पायी जा.