अनाकिनला गौतमी भेटायला हवी होती

‘स्टार वॉर्स’मधल्या योडात झेन गुरू दिसतो यात नवल नाही. १९८०च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’चे दिग्दर्शक अर्विन कर्शनर यांना झेनची ओढ होती आणि तो रंग त्यांनी जाणूनबुजून भरला. मला मात्र बुद्धविचार खरा भिडतो तो २००५च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये, आणि तोही गुरू कमी पडतो तिथे.

बायको पद्मे बाळंतपणात दगावणार, अशी स्वप्नं तरुण जेडाय योद्धा अनाकिनला पडताहेत. आईनं त्याच्याच मिठीत जीव सोडलेला, त्यामुळे ही भीती पोकळ नाही. तो योडाकडे जातो, पण तिचं नाव घेऊ शकत नाही. लग्न चोरून केलेलं. जेडाय पंथात आसक्तीला मज्जाव. जे गमावण्याचं भय वाटतं ते सोडायला शीक, असं योडा सांगतो. उपदेश खराच आहे. उपादानातून, म्हणजे घट्ट धरून ठेवण्यातून, दुःख जन्मतं हे बुद्धाचं निदान पुढे तंतोतंत उतरतं: पद्मेला वाचवण्याची विद्या मिळावी म्हणून अनाकिन कपटी सत्ताधीश पॅल्पटीनचा गुलाम होतो, लहान मुलांवर तलवार चालवतो आणि शेवटी तिचाच गळा आवळतो.

तरी योडाचा तो सल्ला ऐकताना मला दरवेळी किसा गौतमी आठवते. मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या श्रावस्तीच्या त्या आईला बुद्धानं ‘सोडून दे’ म्हटलं नाही. ज्या घरात कुणी मेलेलं नाही तिथून मोहरी आण, म्हटलं. ती दारोदार गेली, घराघराचं दुःख तिनं ऐकलं, आणि मग मूल आपण होऊन खाली ठेवलं. अनाकिनला असं एकही दार मिळालं नाही. त्याचं प्रेमच गुन्हा ठरलेलं. मन मोकळं करायला उरला एकटा पॅल्पटीन. अनासक्ती म्हणजे माया आटवणं, हा समज आपल्याकडेही घट्ट आहे. म्हणूनच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये करुणाही पुरेशी नाही, मैत्री हवी, असं बाबासाहेबांनी ठासून मांडलं, ते मला फार मोलाचं वाटतं.

१९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये अनाकिनचा मुलगा ल्यूक हरलेल्या बापावर वार न करता तलवार फेकून देतो, तेव्हा खुनी दरोडेखोर अंगुलिमालासमोर निःशस्त्र उभा राहिलेला बुद्ध आठवतो. बापही पालटतो, पण लगेच मरतो. पालटून भिक्षू झालेल्या अंगुलिमालाला मात्र जगावं लागलं. भिक्षेला निघाला की त्याच्यावर दगड येत, आणि तो रक्तबंबाळ होऊन परते. ते सोसणं चित्रपटानं अनाकिनच्या वाट्याला येऊ दिलं नाही, आणि ही मला त्या कथेची सर्वांत मोठी उणीव वाटते.