तडवळ्याच्या वाटेवर तंटामुक्तीच्या पाट्या

धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळे या गावाचे नाव आपल्याकडे जुनी माणसे आदराने घेतात. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेसाठी येथे आले होते. गावच्या शाळेत त्यांचा मुक्काम होता. ती शाळा पाहावी म्हणून आम्ही घरची पाच माणसे निघालो. पूर्वी लोक बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने येत. ती गाडी गेली, रूळ रुंद झाले. आम्ही मात्र एसटीनेच येडशीमार्गे गेलो.

वाटेत एका कमानीवर रंग उडालेली पाटी दिसली : ‘तंटामुक्त गाव’. पुढे आणखी एक. मुलांनी विचारले, म्हणजे इथे भांडणेच होत नाहीत का? डब्यातली मंडळी हसली.

मोहीम खरी होती आणि हेतू चांगला होता. १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यभर सुरू झाली. ग्रामसभेने समिती नेमायची, पोलीस पाटील, तलाठी यांनी साथ द्यायची, बांधाची, वाटणीची, किरकोळ मारहाणीची भांडणे गावातच समजुतीने मिटवायची. यशस्वी गावाला लोकसंख्येच्या प्रमाणात बक्षीस. पुढे मोहिमेचा जोर ओसरला. कमानी राहिल्या.

वाटेवरच्या एका गावी पाहुण्यांकडे थांबलो. गावाचे नाव सांगत नाही. तिथे आपल्याच दोन भावांचा विहिरीच्या पाळीवरून तंटा होता. कोर्टात वकिलांची फी देऊन दोघेही कर्जात गेले होते. समितीने दोघांना समोरासमोर बसवले, दोघांच्या बायकांनाही बोलू दिले (हे महत्त्वाचे, कारण पाणी भरायला त्याच जात होत्या), आणि पाळीचे दिवस कागदावर लिहून सह्या घेतल्या. आज दोन्ही घरची पोरे एका ताटात जेवतात. असा न्याय आम्हाला हवाच आहे.

पण त्याच गावात एक माय भेटली. तिच्या मुलाला जातीवरून शिवीगाळ करून मारले होते. फिर्याद देण्याआधीच समितीची माणसे दारात आली. “गावाचं बक्षीस जाईल, मिटवून घ्या.” मुलाला काय लागले, हे कोणी विचारले नाही.

वाचकहो, येथे कायदा नीट समजून घेतला पाहिजे. साधी दुखापत, शिवीगाळ असे काही गुन्हे कायद्यानेच तडजोडीला मोकळे ठेवले आहेत. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात मात्र तडजोडीची तरतूद नाही. ते गुन्हे मिटवण्याचा अधिकार कोणत्याही गावसमितीला नाही. फिर्याद नोंदवण्यात कसूर करणाऱ्या बिगर-अनुसूचित सरकारी नोकरालाही हा कायदा जाब विचारतो. आणि फिर्याद दिली म्हणून कुणी वाळीत टाकले, तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा वेगळा कायदा आहे.

योगायोग असा की त्याच १९८९ साली न्यूझीलंडने मुलांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंबाची बैठक कायद्यात आणली. माओरी लोकांच्या चालीरीतींचा तिच्यावर ठसा आहे. गुन्हा करणारा, त्याचे घरचे आणि ज्याला झळ बसली तो एकत्र बसतात, भरपाई ठरवतात. तिथे आधी गुन्हा कबूल करावा लागतो, किंवा तो सिद्ध झालेला असावा लागतो. आमच्याकडे कबुलीच्या आधीच ‘झालं गेलं विसरा’ येते.

बाबासाहेबांना हे ठाऊक होते. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयक आले, तेव्हा जातींनी फुटलेल्या गावात निवडून आलेल्या पंचांच्या हाती न्यायदान देण्याला त्यांनी विरोध केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीतही त्यांनी गावाचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले. तरी ते समेटाचे वैरी नव्हते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा पेटतो, तेव्हा सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो. दोन माणसे त्यांनी निवडावी, दोन आपण, आणि त्या चौघांनी पाचवा निवडावा, असे तो सुचवतो. शाक्य संघाने बहुमताने ते नाकारले, ही गोष्ट वेगळी. आम्हाला त्यातली मोजणी आवडते : दोन आणि दोन. त्या मायच्या दारात सहा आले होते, आणि तिच्या बाजूचा एकही नव्हता.

तडवळ्यात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. शाळेसमोर चप्पल काढून उभे राहिलो. मुलांनी नमस्कार केला आणि मग पाणी मागितले, ते लगेच मिळाले.

परतताना पुन्हा पाहुण्यांकडे उतरलो. त्या मायने कागदावर अंगठा दिला नव्हता. फिर्याद नोंदली गेली आहे आणि पुढच्या तारखेला तिला धाराशिवच्या कोर्टात जायचे आहे. वस्तीतल्या चार बाया सोबत निघणार आहेत. विहिरीच्या पाळीवरून भांडलेल्या त्या दोन्ही जावा त्यांत आहेत.